प्रथमदर्शन आणि युद्धखेळ : टेबलावरील लघुमूर्तींच्या इतिहासाचा एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

युद्धाचा खेळ करणे ही मानवाची जुनी प्रवृत्ती आहे. भारतातील चतुरंग हा तिचा सर्वपरिचित नमुना होय. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून नाव मिळालेला हा खेळ इराण व अरब प्रदेशांमार्गे युरोपात पोहोचला आणि तेथे त्याला आजच्या बुद्धिबळाचे रूप प्राप्त झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस याच बुद्धिबळाच्या पटातून जर्मन भाषिक प्रदेशात एका वेगळ्या खेळाचा उगम झाला. त्याचीच एक शाखा आज 'टेबलटॉप वॉरगेम' म्हणजे टेबलावरील युद्धखेळ या नावाने ओळखली जाते.

या खेळात टेबलावर टेकड्या, झाडी व इमारती यांच्या प्रतिकृती मांडल्या जातात. साधारणपणे सव्वा इंच उंचीच्या सैनिकांच्या मूर्ती, म्हणजेच 'मिनिएचर', दोन्ही बाजूंनी उभ्या केल्या जातात. मोजपट्टीने अंतर मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा, अशी त्याची सर्वसाधारण पद्धत आहे. मूर्ती बहुधा सुट्या भागांत मिळतात. त्या जोडणे व रंगवणे हे काम खेळणारा स्वतः करतो.

या छंदाच्या वर्तमान स्वरूपात एक गोष्ट विशेष लक्ष वेधून घेते. नव्या मूर्ती विक्रीस येण्याच्या कित्येक आठवडे, कधी कधी काही वर्षे आधी त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली जातात. मूर्ती हातात आलेली नसते, तिच्यासाठीचे नियमही अनेकदा ठाऊक नसतात, तरी तिच्याविषयी अनुकूल किंवा प्रतिकूल मते तयार होतात. हे प्रथमदर्शन छंदाचा इतका मोठा भाग बनले आहे, की त्यातील चर्चा काही वेळा खेळापेक्षा अधिक चालते.

ही स्थिती कशी निर्माण झाली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. लेखाचे प्रतिपादन असे, की आरंभी युद्धखेळात मूर्ती नियमांच्या अधीन होती. पुढे सुमारे दीडशे वर्षांच्या काळात हा संबंध उलटला आणि नियम मूर्तीच्या अधीन झाले. युद्धाविषयीचे आकलन आणि युद्धाचे देखणे रूप यांच्यातील जुना ताण या बदलातून स्पष्ट होतो. म्हणूनच वरवर क्षुल्लक वाटणारा हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असा आहे.

पित्याचे टेबल आणि पुत्राचा नकाशा

ब्रुन्सविक येथील योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळावर आधारलेल्या एका डावपेचात्मक खेळाचे पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील ड्यूकच्या दरबारातील तरुण सेवकांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांपैकी अनेक जण पुढे लष्करात अधिकारी होणार असल्याने त्यांना युद्धशास्त्राची ओळख व्हावी, हा या खेळाचा हेतू होता. हेलविग यांनी पट पुष्कळ मोठा केला, भूप्रदेशानुसार घरांना वेगवेगळे रंग दिले आणि मोहऱ्यांच्या जागी पायदळ, घोडदळ व तोफखाना यांची योजना केली. तथापि चौकोनी घरांचे बंधन कायम राहिले. प्रत्यक्ष रणभूमीवर नदी किंवा टेकडी चौकोनात बसत नाही, ही या खेळाची मर्यादा होती.

ती दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न प्रशियातील गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसवित्झ यांनी केला. ते लष्करी अधिकारी नव्हते. मुलकी सेवेत होते. राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्यासाठी त्यांनी १८१२ मध्ये एक खास टेबल तयार करून घेतले. त्याच्या खणांत मोहरे व साधने ठेवण्याची सोय होती आणि वर भूप्रदेशाचे उठावदार तुकडे हवे तसे मांडता येत असत. राजघराण्यात या टेबलाचे कौतुक झाले. पाहताक्षणी मन वेधून घेईल अशी ही वस्तू होती. मात्र ती राजवाड्यापुरतीच राहिली. सैन्याच्या पलटणींपर्यंत असे महागडे टेबल पोहोचणे शक्य नव्हते.

त्यांचे पुत्र गेओर्ग हाइनरिख रुडोल्फ योहान फॉन राइसवित्झ हे तोफखान्यात लेफ्टनंट होते. त्यांनी १८२४ मध्ये 'क्रीगश्पील' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाचे नियम सिद्ध केले. पित्याच्या टेबलातील देखणेपण त्यांनी जवळजवळ पूर्णपणे टाकून दिले. उठावदार भूप्रदेशाच्या जागी १:८००० प्रमाणाचा कागदी नकाशा आला. सैन्य दाखवण्यासाठी लाल व निळ्या रंगांचे साधे आयताकृती ठोकळे वापरले जात. प्रत्येक चाल दोन मिनिटांच्या कालावधीची मानली जाई. दोन्ही पक्षांनी आपापले आदेश पंचाकडे द्यायचे आणि शत्रूला प्रत्यक्षात दिसू शकतील तेवढेच ठोकळे पंचाने नकाशावर ठेवायचे, अशी व्यवस्था होती. गोळीबाराचा परिणाम फाशांवरून व तक्त्यांवरून ठरत असे आणि प्रत्येक तुकडीच्या हानीची नोंद ठेवली जात असे.

या खेळाचे लष्करी प्रमुखांसमोर झालेले पहिले सादरीकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या एका अधिकाऱ्याने अनेक वर्षांनी लिहिलेल्या आठवणीनुसार, प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख कार्ल फॉन म्यूफ्लिंग यांनी आरंभी थंडपणेच स्वागत केले. मेजावर पसरलेला नकाशा आणि काही ठोकळे पाहून उत्साह वाटावा असे काही नव्हते. परंतु डाव जसजसा पुढे सरकला तसतशी त्यांची वृत्ती पालटली आणि अखेरीस, हा खेळ नसून युद्धाचेच शिक्षण आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. पुढे सैन्याच्या साप्ताहिकातून या खेळाची शिफारस करण्यात आली.

पित्याच्या टेबलाने पहिल्या दृष्टिक्षेपात मने जिंकली. पुत्राच्या नकाशाने ती काही तासांच्या खेळानंतर जिंकली. युद्धाविषयी काही शिकवण्याचे सामर्थ्य मात्र दुसऱ्यात अधिक होते. अपुरी माहिती, उशिरा पोहोचणारे आदेश आणि हळूहळू वाढत जाणारी हानी हे युद्धाचे तीन अनुभव त्या नीरस ठोकळ्यांनी समर्थपणे व्यक्त केले. खुद्द धाकट्या राइसवित्झ यांचे जीवन मात्र शोकान्त ठरले. त्यांची बदली टोरगाऊ येथे झाली आणि १८२७ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या खेळाला व्यापक मान्यता मिळाली ती १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यानंतर. त्या विजयाची कारणे शोधताना इतर देशांच्या सैन्यांचे लक्ष क्रीगश्पीलकडे गेले. ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये तोफखान्यातील अधिकारी एव्हलिन बेअरिंग यांनी त्याचे नियम इंग्रजीत आणले. हेच बेअरिंग त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे खासगी सचिव म्हणून भारतात आले आणि पुढे लॉर्ड क्रोमर या नावाने इजिप्तमध्ये प्रसिद्धी पावले.

खेळण्यातील सैनिक : गणवेशाचे आकर्षण

लष्करी युद्धखेळ ठोकळ्यांवर चालू असताना सैनिकांच्या मूर्तींचा इतिहास पूर्णपणे वेगळ्या क्षेत्रात घडत होता. ते क्षेत्र मुलांच्या खेळण्यांचे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्युरेंबर्ग येथील हिल्पर्ट कुटुंबाने कथलाचे चपटे सैनिक बनवण्याचा व्यवसाय वाढवला. त्याच शहरात एर्न्स्ट हाइनरिक्सन यांनी १८३९ मध्ये सुरू केलेल्या उद्योगामुळे सुमारे ३० मिलिमीटर उंचीचे सैनिक हे एक प्रचलित माप ठरले. मापांची ही एकवाक्यता महत्त्वाची होती, कारण तिच्यामुळे आज घेतलेला सैनिक काही वर्षांपूर्वीच्या सैनिकांच्या रांगेत उभा राहू शकत होता.

लंडनमधील ब्रिटन कुटुंबाच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत सैनिकांसाठी वापरली. शिशाचा वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून लगेच बाहेर काढला, की साच्याच्या कडेला चिकटलेला पातळ थर तेवढा उरत असे. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राही, धातू कमी लागे आणि किंमत उतरे. भरीव जर्मन सैनिकांशी इंग्रज कारखानदाराला स्पर्धा करता आली ती या युक्तीमुळे. ५४ मिलिमीटर उंचीचे हे सैनिक मध्यमवर्गीय इंग्रज घरांतून मोठ्या संख्येने पोहोचले.

या सैनिकांचे आकर्षण त्यांच्या गणवेशात होते. पेटी उघडताच मुलाला दिसत असे तो कोटाचा रंग, फेट्याची ठेवण आणि निशाण. १८९० च्या दशकात या कारखान्याने ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पलटणीही बाजारात आणल्या. त्यांत बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री यांचा समावेश होता. मुंबई इलाख्याच्या ज्या सैन्यात मराठ्यांसह अनेक समाजांतील शिपाई भरती होत, त्या सैन्याची प्रतिमा अशा रीतीने लंडनमधील बालकांच्या खेळघरात जाऊन पोहोचली. त्या शिपायाचे गाव, त्याची भाषा, त्याचा पगार किंवा त्याने पाहिलेले युद्ध यांपैकी काहीच त्या मूर्तीत नव्हते. होता तो फक्त फेटा आणि रंगीत कोट. प्रथमदर्शनात काय दिसते आणि काय लोपते, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

वेल्स यांचा प्रयोग

ठोकळा आणि सैनिकमूर्ती या दोन स्वतंत्र परंपरा एकत्र आणण्याचे श्रेय बहुधा लेखकांना जाते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील दावोस येथे आपल्या सावत्र मुलाबरोबर खेळण्यातील सैनिकांचे बारकाईने नियम असलेले युद्ध चालवले होते. त्या खेळाचा वृत्तान्त त्या मुलाने, लॉइड ऑस्बोर्न यांनी, १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु हा प्रकार सर्वसामान्यांपर्यंत नेला तो एच. जी. वेल्स यांनी. १९११ मधील 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ मधील 'लिट्ल वॉर्स' ही त्यांची दोन पुस्तके या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

वेल्स यांच्या खेळात जमिनीवर घरे व झाडे मांडून सैनिक उभे केले जात. पायदळाने एका चालीत एक फूट आणि घोडदळाने दोन फूट जायचे, अशी सोपी मर्यादा होती. स्प्रिंगवर चालणाऱ्या खेळण्यातील तोफेतून लाकडी गोळी मारली जाई आणि जो सैनिक आडवा होईल तो मेला असे समजले जाई. फासे आणि तक्ते यांची जागा नेमबाजीने घेतली. हानी येथे वहीत नोंदली जात नव्हती. ती जमिनीवर पडलेल्या सैनिकांच्या रूपाने डोळ्यांना दिसत होती.

वेल्स यांच्या पुस्तकाचा शेवट गंभीर आहे. हा छोटा खेळ काही वेळा खेळून पाहिला तरी खरे महायुद्ध किती बेशिस्त, खर्चिक आणि अविवेकी प्रकार असेल हे ध्यानात येते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. खेळातील युद्धाने खऱ्या युद्धाची हौस फिटावी, अशी त्यांची अपेक्षा होती. पुस्तक निघाल्यानंतर वर्षभरातच, १९१४ च्या उन्हाळ्यात, युरोपात पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले. त्याच वर्षी वेल्स यांनी या युद्धाचे समर्थन करताना ते युद्धमात्राचा अंत करणारे ठरेल अशी भूमिका मांडली. मूर्तींच्या खेळातून शांततेची शिकवण मिळेल हा त्यांचा विश्वास आणि त्यानंतर लगेच त्यांनी घेतलेली भूमिका यांत मोठे अंतर आहे. खेळातील युद्ध समजले म्हणजे खरे युद्ध समजले असे होत नाही, हा या प्रकरणाचा बोध होय.

इतिहासाची कसोटी आणि तिचा लोप

दुसऱ्या महायुद्धानंतर मूर्तींचा युद्धखेळ हा प्रौढांचा संघटित छंद बनला. कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रुबी यांनी युद्धखेळासाठी म्हणून स्वतंत्र मूर्ती ओतल्या आणि १९५७ मध्ये 'वॉर गेम डायजेस्ट' हे नियतकालिक सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात काम केलेले इंग्रज लेखक डोनाल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीच्या प्लॅस्टिक सैनिकांच्या स्वस्त पेट्या उपलब्ध झाल्याने मोठे सैन्य उभारणे सामान्य मिळकतीच्या माणसालाही शक्य झाले. याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या 'टॅक्टिक्स' (१९५४) या खेळाने पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांची निराळी शाखा सुरू केली. राइसवित्झ यांच्या ठोकळ्याचा वारसा मुख्यतः या पुठ्ठ्याकडे गेला. डोळ्यांना सुखावणारी बाजू मूर्तींच्या शाखेकडे राहिली.

या काळातील छंद प्रामुख्याने ऐतिहासिक युद्धांचा होता. त्यामुळे नव्या मूर्तीच्या प्रथमदर्शनाला एक बाह्य कसोटी उपलब्ध होती. उदाहरणार्थ, नेपोलियनकालीन ब्रिटिश पायदळाच्या उंच टोपीचा समोरचा भाग वर उचललेला असेल, तर तो १८१२ च्या नमुन्याचा मानला जातो. अशी टोपी घातलेला सैनिक १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत शोभेल. १८०९ च्या तालाव्हेराच्या लढाईत तो कालविसंगत ठरेल. मूर्ती आवडली की नाही याच्या आधी ती बरोबर आहे की नाही हे विचारता येत होते. त्याचे उत्तर दफ्तरे, चित्रे, जतन केलेले गणवेश आणि सैनिकांच्या आठवणी यांतून मिळत होते. रसिकाला काही प्रमाणात संशोधक व्हावे लागत होते.

१९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या मध्ययुगीन युद्धखेळाला अद्भुत प्राण्यांचे व जादूचे परिशिष्ट जोडण्यात आले आणि त्यातून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा जन्म झाला. येथे परिस्थिती मूलतः बदलली. राक्षसाच्या गणवेशाला दफ्तरखान्यात पुरावा नसतो. तो जसा घडवला तसाच बरोबर ठरतो. या बदलाचे एक गमतीदार उदाहरण गायगॅक्स यांनीच सांगितले आहे. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या विचित्र प्राण्यांची खेळणी त्यांनी आणली आणि त्यांवरून लोखंड गंजवून टाकणारा 'रस्ट मॉन्स्टर' यासारखे प्राणी खेळात आले. येथे मूर्ती आधी आली आणि तिचा स्वभाव व नियम नंतर ठरवले गेले. राइसवित्झ यांच्या पद्धतीच्या हे नेमके उलट होते.

नॉटिंगहॅमचे पर्व : नियम मूर्तीच्या मागे

ही उलटापालट उद्योगाच्या पातळीवर स्थिर झाली ती इंग्लंडमध्ये. १९७५ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९७७ मध्ये 'व्हाइट ड्वार्फ' हे नियतकालिक सुरू केले. १९७९ मध्ये ब्रायन अ‍ॅन्सेल यांच्या पुढाकाराने तिच्याशी संलग्न अशी सिटॅडेल मिनिएचर्स ही मूर्ती बनवणारी कंपनी निघाली. कथात्मक खेळांसाठी ग्राहक एकेक मूर्ती विकत घेत. त्याच ग्राहकाने मूर्तींचे सबंध सैन्य घ्यावे यासाठी तसा खेळ असणे आवश्यक होते. १९८३ मधील 'वॉरहॅमर' हा खेळ या गरजेतून आला. अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली हे त्याचे कर्ते होत. १९८७ मध्ये दूरच्या भविष्यकाळातील युद्धांवर आधारलेला 'वॉरहॅमर ४०,०००' प्रसिद्ध झाला. ही कंपनी १९९४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथील शंभर अग्रगण्य कंपन्यांच्या निर्देशांकात तिचा समावेश झाला.

प्रथमदर्शनाचे महत्त्व वाढण्यामागे उत्पादनाचे तंत्रही कारणीभूत आहे. धातूच्या मूर्तीसाठी रबरी साचा पुरतो. तो स्वस्त असल्याने थोड्या प्रती काढूनही खर्च निघतो. प्लॅस्टिकसाठी पोलादी साचा लागतो. त्याचा आरंभीचा खर्च मोठा असतो. पुढे प्रत्येक प्रत मात्र अल्प खर्चात निघते. साहजिकच प्लॅस्टिकचा उत्पादक मोठ्या व खात्रीच्या मागणीवर अवलंबून राहतो आणि ती मागणी विक्रीपूर्वीच निर्माण करणे त्याला आवश्यक ठरते. नियतकालिकातील कुशलतेने रंगवलेल्या मूर्तींची छायाचित्रे, आणि पुढे इंटरनेटवरील पूर्वघोषणा, यांचे मूळ या अर्थव्यवहारात आहे. 'वॉरहॅमर ४०,०००' च्या दहाव्या आवृत्तीची घोषणा मार्च २०२३ मध्ये झाली आणि ७२ मूर्तींची आरंभीची पेटी जूनमध्ये विक्रीस आली. मधल्या काळात ग्राहकांनी पाहिले ते मुख्यतः चित्रच.

नियम मूर्तीच्या मागे कसे जातात, हे दोन घटनांवरून स्पष्ट होते. पहिली घटना २०१७ ची. 'वॉरहॅमर ४०,०००' च्या कथेतील 'स्पेस मरीन' हे योद्धे सामान्य माणसापेक्षा पुष्कळ धिप्पाड असल्याचे वर्णन होते, परंतु त्यांच्या मूर्ती इतर सैनिकांच्या तुलनेत तशा भासत नसत. त्या वर्षी अधिक उंच व प्रमाणबद्ध मूर्ती आल्या आणि त्यांचे समर्थन करण्यासाठी कथेत 'प्रायमॅरिस' ही योद्ध्यांची नवी जात निर्माण करण्यात आली. शरीराची प्रमाणे सुधारल्याचे समाधान आणि आपले जुने सैन्य आता कालबाह्य होईल ही चिंता, अशा दोन्ही प्रतिक्रिया पहिल्या छायाचित्रांबरोबरच उमटल्या. वर्षानुवर्षे रंगवलेल्या सैन्यात खेळणाऱ्याचे श्रम व पैसा गुंतलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही चिंता अवाजवी वाटत नाही.

दुसरी घटना मूर्तीच्या पायाशी असलेल्या बैठकीची, म्हणजेच 'बेस'ची आहे. मूळ 'वॉरहॅमर'मध्ये सैनिक चौकोनी बेसवर उभे असत. मानवी पायदळासाठी तो २० मिलिमीटरचा होता. अनेक सैनिक खांद्याला खांदा लावून एका आयताकृती तुकडीत उभे करायचे असल्याने मूर्तिकाराला हातपाय फार पसरता येत नसत. तुकडीची आघाडी, बगल व पिछाडी यांना नियमांत अर्थ होता. म्हणजे नियम मूर्तीच्या अंगविक्षेपावर मर्यादा घालत होता. २०१५ मध्ये हा खेळ बंद करून त्याच्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आणण्यात आला. त्यात बेस गोल झाले, तुकडीची शिस्त गेली आणि मूर्ती उड्या मारणाऱ्या, शस्त्रे परजणाऱ्या, वस्त्रे वाऱ्यावर उडणाऱ्या अशा मुक्त आविर्भावात घडवल्या जाऊ लागल्या. आरंभीचे मूळ नियम केवळ चार पानांचे होते आणि ते विनामूल्य देण्यात आले. विकायची वस्तू मूर्ती होती. नियम तिच्यासोबत भेट म्हणून आले.

तथापि जुन्या खेळाची ओढ संपली नाही. २०१९ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने चौकोनी बेसच्या खेळाचे पुनरागमन घोषित झाले. प्रत्यक्ष खेळ जानेवारी २०२४ मध्ये उपलब्ध झाला. मधल्या चार वर्षांत नकाशे, रेखाटने आणि मोजक्या नव्या मूर्तींची छायाचित्रे टप्प्याटप्प्याने दाखवण्यात आली. ब्रेटोनिया व टूम किंग्ज या सैन्यांपासून आरंभ झाला तेव्हा नव्या मूर्तींबरोबर अनेक जुन्या मूर्तीही पुन्हा विक्रीस ठेवल्या गेल्या. मानवी पायदळाचा बेस आता २५ मिलिमीटरचा झाला होता, कारण मधल्या काळात मूर्तींचा आकार वाढला होता. तुकडीची शिस्त परतली, पण तिलाही वाढलेल्या मूर्तीसाठी जागा करून द्यावी लागली.

प्रथमदर्शनाची साधनचिकित्सा

आगामी मूर्तीचे छायाचित्र हे इतिहासाच्या परिभाषेत एक साधन आहे आणि साधनाला लावायचे प्रश्न त्यालाही लावता येतात. पहिला प्रश्न कर्त्याचा. छायाचित्र विक्रेत्याने काढलेले असते. मूर्ती निष्णात रंगाऱ्याने रंगवलेली असते. ग्राहकाच्या हाती येणारा करड्या प्लॅस्टिकचा सुट्या भागांचा सांगाडा आणि ते चित्र यांमध्ये अनेक तासांचे काम असते. दुसरा प्रश्न दृष्टिकोनाचा. मूर्ती जिथून सर्वांत चांगली दिसते तेथून ती टिपलेली असते. पाठीवरचे जोड, साच्याची रेष, भाल्याचा ठिसूळपणा आणि शेजारच्या मूर्तीत अडकणारा झगा हे दोष त्यात क्वचितच उमटतात. तिसरा प्रश्न मापाचा. छायाचित्रात मूर्ती हातभर दिसते. टेबलावर ती तीन-चार फुटांवरून पाहिली जाते. जवळून गुंतागुंतीचे व मोहक वाटणारे तपशील त्या अंतरावरून एकमेकांत मिसळून जाऊ शकतात. जुन्या मूर्तिकारांनी हात, चेहरा व शस्त्रे थोडी अतिरंजित घडवली ती याच कारणाने.

चौथा प्रश्न अनुपस्थितीचा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. छायाचित्रात एकटा वीर दिसतो. तुकडीतील सामान्य शिपाई, रसद, थकवा, जखमी आणि माघार यांना तेथे स्थान नसते. राइसवित्झ यांच्या ठोकळ्याला चेहरा नव्हता, परंतु त्याच्या हानीची नोंद ठेवावी लागत होती. आजच्या मूर्तीला अत्यंत बारकाईने घडवलेला चेहरा आहे, परंतु ती मेली की तिला जपून पेटीत ठेवले जाते आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा रणांगणात उतरते. रूप जितके समृद्ध झाले तितका मृत्यूचा अर्थ पुसट झाला, असे म्हणता येईल.

या मताला एक उत्तर संभवते. मूर्तींचा खेळ युद्ध शिकवण्याचा दावाच करीत नाही. तो हस्तकला, कल्पनाशक्ती आणि सहवास यांचा आनंद देतो, असे त्याचे समर्थक म्हणतील. या म्हणण्यात तथ्य आहे. अनेक संध्याकाळी बसून एक सैन्य रंगवणारा माणूस त्या काळात धीर, रंगज्ञान आणि हाताचे कौशल्य कमावतो. हा लाभ ठोकळा देऊ शकत नाही. म्हणून मूर्तीला दोष देणे हा निष्कर्ष ठरत नाही. ती काय दाखवू शकते आणि काय नाही, याची जाणीव ठेवणे एवढेच अपेक्षित आहे.

समारोप

टेबलावरील युद्धखेळाचा प्रवास १७८० मधील हेलविग यांच्या रंगीत चौकोनांपासून २०२४ मधील चौकोनी बेसच्या पुनरागमनापर्यंत पाहिला असता तीन गोष्टी निदर्शनास येतात. आरंभी नियम हा खेळाचा गाभा होता आणि मोहरा केवळ त्याची खूण होता. ऐतिहासिक मूर्तींच्या काळात प्रथमदर्शनावर पुराव्याचा अंकुश होता. कल्पित युद्धांच्या काळात तो अंकुश सुटला आणि उत्पादनाच्या अर्थकारणाने प्रथमदर्शनालाच छंदाच्या केंद्रस्थानी आणले.

१८१२ चे राजघराण्याचे टेबल आणि १८२४ चा लेफ्टनंटचा नकाशा हे दोन पर्याय एकाच घरातून निघाले होते. इतिहासाच्या अध्यापनातही हेच दोन पर्याय नेहमी समोर असतात. चित्र, पुतळा, चित्रपट आणि देखावा यांच्या साहाय्याने युद्ध पाहताक्षणी विद्यार्थ्याच्या मनात ठसवता येते. रसदीचे आकडे, आदेशांची तारीखवार नोंद आणि मृतांच्या याद्या यांतून ते हळूहळू उलगडते. पहिल्या मार्गाने विद्यार्थी वर्गात येतो. दुसऱ्या मार्गाने तो काही घेऊन बाहेर पडतो. बर्लिनमधील त्या सादरीकरणात म्यूफ्लिंग पहिल्या दृष्टिक्षेपानंतर उठून गेले असते, तर एका उपयुक्त साधनाला प्रशियाचे सैन्य कदाचित मुकले असते. ते डाव संपेपर्यंत थांबले. आगामी मूर्तीच्या देखण्या छायाचित्रापुढे उभ्या असलेल्या रसिकाने आणि युद्धाच्या देखण्या वर्णनापुढे उभ्या असलेल्या अभ्यासकाने तेवढे थांबणे आवश्यक आहे.